भोपळा की लाल

४ नोव्हें., मंगळ.
निपाणीहून भरमूअण्णाचा फोन. त्याची नात धारवाडला कॉलेजात गिटार वाजवते, तिला आता जुनी आणि चांगली पाहिजे. "सदा, दोनातली एक माझी, एक तुझी. तुझ्याकडंच पडल्यात की रं इतकी वर्सं. रविवारी येतो. कुठली द्यायची ते तू ठरव, कान तुझे."

गोव्यातल्या एका हॉटेलचा बँड मोडला तेव्हा आम्ही दोघांनी मिळून घेतलेल्या. लग्नांच्या ऑर्केस्ट्रात मी पिवळी वाजवायचो, तो लाल. पिवळी आतून पूर्ण पोकळ, तंबोऱ्यासारखी, म्हणून भोपळा. लालच्या पोटात मधोमध लाकडाचा ठोकळा, पोकळी फक्त दोन्ही कडांना.

एक जाणार. कुठलीही गेली तरी खुंटीची एक जागा मोकळी.

५ नोव्हें., बुध.
दुपारी वीज गेली. शेडातले आमचे बाराही यंत्रमाग गप्प. वडगावात एवढी शांतता म्हणजे चोरीचा माल, लगेच वापरून टाकावा. दोन्ही गिटारी बिनविजेच्या वाजवल्या. भोपळा बोलतो, पण खोकला झाल्यासारखा, दबका. लाल नुसती कुजबुजते.

वीज आल्यावर अँपवर. लाल जिंकली. सूर धरला की सोडतच न्हाय, बारीक, लांब, एकसारखा. भोपळा टुप्प करून मोकळा. शिवाय आवाज वाढवला की तार न छेडताच घुमतो, हा त्याचा जुना रोग.

ठरलं बहुतेक. भोपळा द्यायचा.

बायकोला, शालनला विचारलं, "कुठली गोड लागली गं?" हसून मान हलवली. हल्ली सगळ्यालाच हलवते.

६ नोव्हें., गुरु.
कुकरच्या शिट्ट्या शालन ऐकून मोजत न्हाय. ओट्यापाशी उभी राहते आणि वर उडणारी शिट्टी डोळ्यांनी मोजते. मला, तिसऱ्या मागाचा धोटा अडकला तर रस्त्यावरून कळतं, आणि हे कळायला किती महिने लागले.

७ नोव्हें., शुक्र.
कानाचे डॉक्टर. तपासणीला शालनला काचेच्या खोलीत बसवलं. बाहेरून बघत होतो. आवाज आला की बोट वर करायचं. बोट मांडीवरच. मग कधीतरी वर.

डॉ. म्हणाले, "मागावर किती वर्षं?" मी म्हणालो, लग्न झाल्यापासून. मी ऑर्केस्ट्राबरोबर फिरायचो तेव्हा ती एकटी दोन माग...
बारीक आवाज गेलेत. जाड आवाज थोडे शिल्लक. मशीन लावून किती फरक पडेल ते बघू म्हणाले. "ओरडू नका त्यांच्याशी. जवळ जाऊन खालच्या सुरात बोला."

रिक्षात शालन म्हणाली, "कुणाला सांगू नका हं. लोक उगंच हातवारे करत बोलतात." मी शब्द दिला.

८ नोव्हें., शनि.
भोपळा पुसायला घेतला. आतल्या चिंध्या आठवल्या. गुंजी गावातल्या एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी भोपळा असा घुमला की भटजी थांबले आणि मांडव हसला. दुसऱ्या दिवशी शालननंच मागावरच्या चिंध्या आणि सुताचे गुंते आणून त्याच्या भोकांतून ठासून भरले होते. "आता बोंबलून दाखव म्हणावं!" घुमणं कमी झालं होतं. तेव्हापासून मला वाटत आलं, भोपळ्याचा आवाजच दबका. त्याचं तोंड आम्हीच बांधलेलं.

पण माल देताना आत चिंध्या ठेवून द्यायचा न्हाय. तार वाकवून एकेक ओढून काढल्या. शेवटी हिरव्या काठाचा तुकडा आला. शालननं विणलेली पहिली साडी मागावर बिघडली होती, तिचा.

अँप लावला, बटण किती पुढं आहे ते न बघता. तारेला हातसुद्धा लावला नव्हता. भोपळा घुमला. घूंऽऽ. भांड्यांची मांडणी थरथरली. मी बटणाकडं धावलो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून,
"अहो, काय वाजलं?"

हात तसाच राहिला. किती दिवसांनी ती आवाजावर वळली होती.

भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं आली. पंजा भोपळ्याच्या पाठीवर ठेवला. "अजून वाजवा की." जाड तार वाजवली. मग लालवर तीच तार वाजवली. तिनं हात ठेवला, वाट बघितली, उचलला. पुन्हा भोपळ्यावर.

लाल चांगली आहे. आजही म्हणतो. पण चांगली कुणाच्या कानाला?

९ नोव्हें., रवि.
अण्णा आला. नातीला त्यानं दोन्हींचे जुने फोटो आधीच पाठवले होते, तिनं पिवळीचाच हट्ट धरलेला. मी लालचं कौतुक सुरू केलं. सूर कसा टिकतो, घुमत न्हाय, आजच्या पोरींना हीच बरी. अण्णा हसला. "सदा, तू कौतुक करून जे खपवतोस ते तुला नको असतंय. मला ठावं हाय."

मग शालनकडं वळला, "वैनी, पिवळी नेऊ व्हय?"
तिनं हसून मान हलवली.

झालं. अण्णा गिटारची पेटी उघडायला लागला. ती मान कसली ते मला एकट्याला ठाऊक. सांगावं तर तिला दिलेला शब्द मोडतो. न सांगावं तर...

वायर लावली, बटण पुढं ढकललं. भोपळा घुमला. स्वयंपाकघराकडं निघालेली पाठमोरी शालन गर्रकन वळली, तोंडभर हसत. आली आणि हात ठेवला. अण्णा तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, हळू, "वैनी." ती वळली न्हाय.

पेटीची कडी त्यानं परत लावली. जाताना काहीच नेलं न्हाय. दारात एवढंच म्हणाला, "पोरीला काय सांगू रं?"

११ नोव्हें., मंगळ.
अण्णाचा फोन. नातीला सगळं सांगितलं न्हाय, पण ती म्हणाली, मी स्वतः येऊन दोन्ही ऐकते. येत्या रविवारी. ऐकून पिवळीच मागितली तर? हक्क आहे तिचा.

भोपळ्यावरचा पिठाचा पंजा अजून पुसला न्हाय.

शालननं विचारलं, "कोण होतं?" शेजारी बसलो. ओरडलो न्हाय. खालच्या सुरात, सावकाश, सगळं सांगितलं. अण्णाला कळलंय तेसुद्धा.

मान हलवली न्हाय. मग म्हणाली, "येऊ दे की पोरीला. घुमवायचं कसं ते मी दाखवीन तिला. जेवायला काय करू?"