चौकोनी घरांची अक्षरं

नागपूर, ३ ऑगस्ट १९८७

ग जमला! एकदाचा!

आलेखाच्या कागदावर मी जेवढी घरं काळी करते, तेवढेच ठिपके प्रिंटर मारतो. जवळून पाहिलं तर नुसत्या पायऱ्या. कागद हातभर लांब धरला की छान गोल! ऑफिसात सगळे नाकं मुरडतात — ओबडधोबड म्हणे. मला तर फार देखणी वाटतात. एक घर चुकलं की घ चा ध होतो, म्हणजे आळशी घर एकही नाही. दत्तोपंत साहेब मात्र खूश. म्हणाले, "आता पगाराच्या चिठ्ठ्या मराठीत निघतील."

९ ऑगस्ट

उमरेडला आईकडे जाऊन आले. विणकर सोसायटी आईला कमिटीवर घेणार, पण चेअरमन म्हणाले, "रंभाबाई, अंगठा नाही चालत. सही करा, मंग खुर्ची तुमची." आईला ते फार लागलंय. पाटीवर मी आजवर किती डोकं फोडलं! वळण आलं की तिचा हात अडतो.

"मले वाकडं जमत नाही वं. धाग्याले वाकडं जाता येते काय?"

धागा! बाई गं, मी किती मूर्ख! किनारीची नक्षी ती आलेखाच्या घरांवरूनच तर उतरवते. पर्समधली छापील मुळाक्षरं काढली, तिचं नाव जुळवून दाखवलं. बोट ठेवत घरं मोजू लागली.

"हे वरतं एकटंच घर काहून?"

"अनुस्वार. तो नसला तर तू रंभा नाही, रभा."

केवढी हसली!

१६ ऑगस्ट

आईनं सरावाला किनारीत नाव विणलं — उलटं! सुलटी बाजू मागावर खाली असते. वरून दिसलं तसं तिनं भरलं, कापड पलटलं तर आरशातलं नाव. "फुलाले डावं-उजवं नसते. नावाले असते, मले काय मालूम?" रुसून बसली. म्हणे अंगठाच बरा. पुढच्या रविवारी मीटिंग आहे. मला रडूच आलं.

२० ऑगस्ट

क्ष फार छळतो.

२३ ऑगस्ट

सही झाली!! कागद पलटावा लागत नाही हे आईला पटलं, मी रजिस्टरात पेन्सिलीनं घरं आखून दिली. बॉलपेननं एकेक घर भरत, ओठ घट्ट मिटून. सगळ्यांचे चहा निवले. चेअरमन म्हणाले, "छापल्यावानी दिसते!" मग रजिस्टरसाठी नवऱ्याचं नाव विचारलं. आईनं नेहमीसारखी माझ्याकडे मान वळवली — "तू सांग वं." मी सांगितलं, देवराव. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ती नाव घेत नाही ते नाहीच.

निघताना म्हणाली, "तो अक्षरांचा कागद ठेवून जा."

६ सप्टेंबर

मागावर नवा पदर. मी खालून हात घालून पलटला. सुलट, एकही घर न चुकता — देवराव.

आई धोटा फेकता फेकता म्हणाली, "तोंडानं कुठी घेतलं मी?"