खारट बर्फ

२ बहमन
बर्फ! तीन वर्षांनी इस्फहानात पडला. चौदा सेंटिमीटर. पट्टी लावून मीच मोजला, रेडिओवाले उगाच वीस म्हणतात. नदी कोरडी, कालवे कोरडे, टँकर आठवड्यातून एकदा, आणि आमच्या बागखात्याची माणसं हे पाणी गटारात लोटायला निघालेली! थांबवलं. चारबागेच्या हमरस्त्यावरचा एक फावडंभर बर्फही वाया जाता कामा नये. मदरशासमोरच्या माझ्या सात चिनारांच्या आळ्यांत कमरेएवढे ढीग घातले.

माझ्या हाताखालचा म्हातारा माळी, मश्दी खुदामुराद, कुरकुरला. "उस्ताद, पहाटे वाटेवर मीठ टाकलंय, लोक घसरू नयेत म्हणून."

म्हटलं, "मश्दी, मीठ तळाला बसतं. आपण वरचं उचलतोय. कुठल्या कॉलेजात शिकलात?"

सगळे हसले. तोही हसला.

१९ फर्वर्दिन
नवरोज होऊन, नवं वर्ष आणि वसंत लागून अठरा दिवस झाले. सगळी चारबाग हिरवी. माझे सात नाहीत.

२४ फर्वर्दिन
तीन झाडांना नखाएवढी पानं आली — कडा करपलेल्या, तव्यावर ठेवल्यासारख्या. वहीत 'कीड' लिहिलं. औषध मारलं. वनस्पतिशास्त्राची चार जाड पुस्तकं शब्दकोश घेऊन वाचलेला माणूस मी, कीड ओळखतो.

इफ्फतने खडीसाखरेचा चहा पुढे ठेवला. "झाडांचा घेर रोज मोजता. स्वतःचं तोंड किती उतरलंय तेही मोजा कधी!" बायको की सासू!

३ ओर्दिबेहेश्त
खात्याच्या इंजिनिअर ताबेश बाई आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. पानांकडे बघितलंही नाही, माती उकरून पिशवीत भरली. म्हटलं, या मातीला मी एकतीस वर्षं ओळखतो. तर म्हणतात, "ओळखीची माती कोणी चाखून बघत नाही, उस्ताद."

त्या गेल्यावर बाकावर बसून चिमूटभर जिभेवर ठेवली.

मीठ. नुसतं मीठ!

४ ओर्दिबेहेश्त
कामावर गेलो नाही. इफ्फतला सांगितलं, पाठ धरली.

११ ओर्दिबेहेश्त
अहवाल आला. सातही झाडं तोडायची. चूक कोणाची, त्या रकान्यात खुदामुरादचं नाव! कोणी सांगितलं? मी नाही. पण माझं नावही मी सांगितलं नाही. त्याला कामावरून काढलं. पेन्शनला दोन वर्षं उरली होती.

कचेरीच्या फाटकाशी भेटला. फावडं धुऊन, पुसून माझ्या हातात दिलं. म्हणालो, "मश्दी, हे नाव—" त्याने पुढे बोलूच दिलं नाही. "सोडा हो उस्ताद. डोंगरात बकऱ्या वाट बघतायत. त्यांना तरी माझं ऐकू येतं." आणि हसला. तो बर्फाच्या दिवशी हसला होता तसा नव्हे. माझ्यासारख्या बारकाईच्या माणसाला हा फरक शब्दांत मांडता येत नाही.

"खुदा हाफिज" एवढंच म्हणालो. नामर्द.

१८ ओर्दिबेहेश्त
तोडली. सगळ्यात जाड झाडाच्या बुंध्यावर वर्तुळं मोजली: एकशे चार. दोनदा मोजली. शेवटचं वर्तुळ नखाएवढंही नाही.

लोक थांबतात, हळहळतात, पुढे जातात. एक आजी म्हणाल्या, "पाणी नाही हो, काय करणार." मी मान डोलावली. मान!

१९ ओर्दिबेहेश्त
झोप नाही. जेवण जात नाही. इतकी वर्षं कागदाच्या पदव्यांना हसत आलो. एका माळ्याच्या एका वाक्याला उत्तर देताना चुकलो, आणि ते मान्य करायची ताकद नाही. उद्या कचेरीत जातो. सांगतो.

२० ओर्दिबेहेश्त
गेलो नाही.

२२ ओर्दिबेहेश्त
गेलो. उभ्यानेच सांगितलं: बर्फ मी घालायला लावला, त्याने अडवलं होतं.

ताबेश बाई म्हणाल्या, "बसा." खणातून कागद काढला. तारीख ५ बहमन. बर्फानंतर तिसऱ्याच दिवशी खुदामुरादने कारकुनाकडून लिहून घेतलेला अर्ज: चूक माझी आहे, मीठ धुवायला सात टँकर गोडं पाणी द्या, उस्तादांना कळवू नका, त्यांचा झाडांवर जीव आहे.

खाली अंगठा. त्याखाली शेरा: पाणी शिल्लक नाही.