परत आलेल्या महालक्ष्म्या परत न नेण्याबाबत

दिनांक : ६ सप्टेंबर २०२४

प्रति,
मा. तंटा निवारण अधिकारी,
ऑनलाइन विक्री व परतावा कक्ष,
नवा रायपूर (छत्तीसगड)

अर्जदार : नरहरी विनायक हरकरे, सेवानिवृत्त पार्सल क्लार्क (रेल्वे), चौबे कॉलनी, रायपूर

विषय : माझा अर्ज मंजूर केल्याबद्दल आभार, आणि तोच अर्ज तातडीने नामंजूर करण्याची विनंती.

संदर्भ : १) माझा अर्ज दि. १६ ऑक्टोबर २०२३
२) माझीच सहा स्मरणपत्रे
३) आपला आदेश दि. २ सप्टेंबर २०२४

महोदय,

मागच्या सुनावणीत आपण माझ्याशी मराठीत बोललात, म्हणून हा अर्ज मराठीत करण्याचे धाडस करीत आहे. नियमाप्रमाणे हिंदी प्रत सोबत जोडली आहेच.

१. आपल्या आदेशाने माझी तक्रार पूर्णपणे मान्य झाली आहे. चौतीस वर्षे सरकारी नोकरी करूनही मला असा अनुभव कधी आला नव्हता, म्हणून मी आदेश तीनदा वाचला. त्यानुसार गैरअर्जदार सौ. सुजाता निरंजन पाठराबे यांनी बुधवार, दि. ११ सप्टेंबर रोजी सकाळी अकरा वाजता माझ्या घरी येऊन 'पूजा साहित्य, नग दोन' ताब्यात घ्यायचे आहेत व त्यांना मिळालेला परतावा मला परत करायचा आहे. कोणत्याही अर्जदाराने पेढे वाटावेत असाच हा आदेश आहे. तो घरात मोठ्याने वाचून दाखवल्यापासून मला दोन्ही वेळचे जेवण मिळते, पण वाढताना कोणी बोलत नाही.

२. आपल्या नस्तीत 'पूजा साहित्य' एवढेच लिहिलेले असल्याने थोडा खुलासा करतो. माझी पत्नी सौ. पद्मिनी महालक्ष्म्यांचे मुखवटे रंगवते. त्यांच्या उभ्या सांगाड्यांचे लोखंडी काम मी भनपुरीहून करून आणतो, आणि आम्ही ही जोडी एका ऑनलाइन संकेतस्थळावर विकतो. आमच्या विदर्भाकडच्या घरांत भाद्रपदात ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी बहिणी तीन दिवस माहेरी येतात. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी निरोप घेतात. मुखवटे मात्र घरीच राहतात. ते धान्यावर झाकून ठेवायचे आणि पुढच्या वर्षी तेच पुन्हा बसवायचे. हे आपल्याला ठाऊक आहेच. ते संकेतस्थळाला ठाऊक नव्हते, इथूनच सगळा घोटाळा सुरू झाला.

३. गेल्या वर्षी सौ. सुजाता यांनी आमच्याकडून एक जोडी मागवली. त्यांच्या सासूबाई अमरावतीहून नव्या फ्लॅटवर येणार होत्या. महालक्ष्म्या वेळेवर पोचल्या, बसल्या, जेवल्या. सासूबाई गाडीत बसताच सौ. सुजाता यांनी जोडी परत पाठवली व कारण नोंदवले, 'वस्तू चित्रासारखी नाही'. दि. २९ सप्टेंबरला खोके आमच्या दारात आले. उघडले तर भांगात अक्षता, कपाळावर मळवट, मानेत गजऱ्याचा दोरा, आणि कनिष्ठेच्या खालच्या ओठाला वाळलेले पुरण. पार्सल ऑफिसात मी फुटलेल्या बरण्या पाहिल्या, सुटलेल्या कोंबड्या पाहिल्या. जेवून आलेले पार्सल मात्र आयुष्यात पहिल्यांदा पाहिले.

४. परताव्याला हरकत घेण्यासाठी संकेतस्थळाने मला बहात्तर तास दिले. 'वस्तूची सद्यःस्थिती' या रकान्यात तीनच पर्याय होते : 'फुटलेली', 'चुकीची' आणि 'वापरलेली'. मुखवटे फुटलेले नव्हते. चुकीचे तर मुळीच नव्हते, कारण कनिष्ठेच्या हनुवटीवरचा तीळ पद्मिनीच्याच हातचा होता. राहिला तिसरा पर्याय. महोदय, माझे बोट त्या शब्दावर दोनदा गेले आणि दोनदा मागे आले. ज्यांची ओटी भरली, ज्यांच्यापुढे सोळा भाज्यांचे ताट ठेवले, त्यांना 'वापरलेल्या' कोणत्या तोंडाने म्हणावे? शेवटी मदतीच्या चौकटीत मी लिहिले, 'वस्तू पूजलेली आहे.' पलीकडच्या यंत्राने उत्तर दिले, 'आपला मुद्दा समजला नाही. छायाचित्र जोडा.' मी जोडले. यंत्राने कळवले, 'वस्तू अतिशय सुंदर दिसत आहे. धन्यवाद.' मुदत संपली, परतावा कायम झाला आणि वर मला सूचना आली की माल पुन्हा विक्रीस लावा किंवा नष्ट करा.

५. ही सूचना मी पद्मिनीला वाचून दाखवायला नको होती. तिने खोके माझ्या हातातून घेतले, दोघींना ओल्या फडक्याने पुसले, कपाटातला माझा कोटाचा कप्पा रिकामा केला आणि गव्हावर त्यांना ठेवले. म्हणाली, "काहून विकता त्यायले? आपल्या पायानं घरी आल्या. आता बसवा लागन." त्या आपल्या पायाने नव्हे तर कुरिअरच्या मोटरसायकलवर आल्या, हे मी लक्षात आणून दिले. त्याचा उपयोग झाला नाही.

६. आमच्या घराण्याच्या महालक्ष्म्या यवतमाळला माझे थोरले बंधू अनंतराव यांच्याकडे असतात. मी धाकटा, म्हणून आमच्याकडे नाहीत. मला हवा होता तो सोपा खुलासा हाच होता, आणि तो खरा आहे म्हणून मी त्यामागे लपलो. एका जोडीमागे सोळा भाज्या, आंबील, फुलोरा, पुरणाचा स्वयंपाक आणि दरवर्षीचे बंधन, तेही आम्ही असेपर्यंत. या वयात हे झेपणार नाही असे मला वाटले. म्हणून मी घरी न सांगता आपल्याकडे अर्ज केला की सदर नग गैरअर्जदाराने परत न्यावेत. नंतर पाठोपाठ सहा स्मरणपत्रेही धाडली. हे प्रकरण मार्गी लावणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना माझ्यामुळे किती त्रास झाला असेल, याची कल्पना आहे. तो त्रास त्यांनी घेतला नसता तर मी त्यांचा जन्मभर ऋणी राहिलो असतो.

७. सदर अर्ज मुळातच कमकुवत होता, हे आपल्या निदर्शनास आणण्यात माझ्याकडून कसूर झाली. ती आता भरून काढतो.

(क) मी लिहिले होते की घरात जागा नाही. जागा आहे. दिवाणखान्यात टीव्हीच्या जागी दोघी आरामात उभ्या राहतात. पद्मिनीने टेप लावून मोजले आहे आणि टीव्ही सध्या माझ्या पलंगाखाली आहे.

(ख) मी लिहिले होते की घरातील कोणाचीही त्यांना ठेवण्याची इच्छा नाही. यातील 'कोणाचीही' म्हणजे माझी. पद्मिनीला मी विचारलेच नव्हते. महोदय, अकरा वर्षे ती दुसऱ्यांच्या महालक्ष्म्यांचे डोळे रंगवते आहे. डोळे रंगवून झाले की दोन घटका त्यांच्याकडे बघत बसते आणि मग मी येऊन खोक्याला पट्टी लावतो. यवतमाळला तिच्या वाट्याला भाज्या चिरणे आणि शेवटची पंगत येते. एवढ्या वर्षांत तिने तक्रार केली नाही, आणि मी ते सोयीस्करपणे समाधान समजलो. याची मला लाज वाटते. शासकीय अर्जात हे लिहिण्याची पद्धत नाही, तरी लिहितो.

(ग) मी लिहिले होते की घराण्याची परवानगी मिळणार नाही. पद्मिनीने स्वतः अनंतरावांना फोन केला. ते म्हणाले, "आल्या ना? मग बसव." वहिनींनी आंबिलीची रीत फोनवरच सांगितली. सगळे बोलणे चार मिनिटांत आटोपले. मला त्यासाठी अकरा वर्षे लागली असती.

८. आता गैरअर्जदाराविषयी. आपला आदेश मिळताच सौ. सुजाता परवा बुधवारी आमच्याकडे आल्या. त्या भांडायला येतील म्हणून मी सर्व पावत्या तारखेप्रमाणे लावून बसलो होतो. त्या आल्या आणि खुर्चीच्या काठावर बसून रडू लागल्या. त्यांच्या सासूबाई येत्या सोमवारी पुन्हा येत आहेत, आणि महालक्ष्म्या माळ्यावर जपून ठेवल्या आहेत असे त्यांना वर्षभर सांगण्यात आले आहे. म्हणजे आपला आदेश माझ्यापेक्षा त्यांच्या जास्त उपयोगाचा होता. त्या भिलाईच्या, मराठी समजते पण बोलतात हिंदी. म्हणाल्या, "आंटी, मुझे लगा जैसे लहंगा पहनकर लौटा देते हैं, वैसे ही होगा. किसीने बताया ही नहीं." पद्मिनीने कपाट उघडून त्यांना दोघी दाखवल्या. सौ. सुजाता यांनी हात जोडले आणि कनिष्ठेचा ओठ बोटाने पुसला. पुरण वर्षापूर्वीच पुसले होते, तरीही पुसला. मग पद्मिनी म्हणाली, "तुले कोणी सांगतलं नाही, मले कोणी विचारलं नाही. आता रडू नको. सोळा भाज्या आहेत, मंगळवारी सकाळीच ये." अर्जदार या नात्याने माझी बाजू कोणीही विचारली नाही.

९. आपण ठरवलेला ११ सप्टेंबर, सकाळी अकरा, हा नेमका महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस आणि नैवेद्याच्या आधीची वेळ आहे. कॉलनीतल्या साठ लोकांना आमंत्रणे गेली आहेत. त्या वेळी दोघी महालक्ष्म्यांना ताट न वाढता खोक्यात घालणे हे आदेशाचे पालन असले तरी ते करणारा हात माझा नसेल. चौतीस वर्षांत मी एकही आदेश मोडलेला नाही, म्हणून तो मोडण्यापूर्वी आपल्याला कळवणे हे माझे कर्तव्य समजतो.

१०. तरी नम्र विनंती की,

(अ) संदर्भ क्र. १ वरील माझा अर्ज सर्व स्मरणपत्रांसह फेटाळण्यात यावा. त्यात माझ्याविरुद्ध दोन कडक शब्द लिहिणे आवश्यक वाटल्यास माझी हरकत नाही. पद्मिनीला ते वाचून बरे वाटेल.

(आ) परताव्याची रक्कम गैरअर्जदाराकडेच राहू द्यावी. त्यांनी त्या रकमेचा गूळ आणि हरभऱ्याची डाळ गोल बाजारातून आणून ठेवली असल्याने वसुलीही शक्य नाही.

(इ) आदेश कागदोपत्री मागे घेण्यास वेळ लागणार असेल, तर ठरल्या वेळी आपण स्वतः कार्यालयीन कर्मचाऱ्यांसह स्थळ पाहणीस यावे. पाहणी साडेबारापर्यंत चालावी, म्हणजे पंगतीला उशीर होणार नाही. डबा आणू नये.

(ई) पाहणीच्या वेळी गैरअर्जदाराच्या सासूबाई हजर असतील. त्यांची नजर तीक्ष्ण आहे असे ऐकतो आणि कनिष्ठेचा तीळ त्या ओळखणारच. सूनबाईंनी खरे काय ते स्वतः सांगायचे कबूल केले आहे, पण धीर अजून झालेला नाही. तोवर आपल्या शिक्क्याचे एक छोटे पत्र मिळाल्यास उपकार होतील : 'सदर महालक्ष्म्या शासकीय कारणास्तव चौबे कॉलनी येथे बसवण्यात येत आहेत.' सासूबाई शिक्का असलेल्या कागदाला मान देतात, असे कळते.

या प्रकरणी यापुढे माझ्याकडून सातवे स्मरणपत्र येणार नाही. मी सोमवारपासून नारळ सोलण्यात व्यग्र राहीन.

आपण मंजूर केले ते न मिळावे म्हणून आशेने वाट पाहणारा,
नरहरी विनायक हरकरे

सोबत :
१) या अर्जाची हिंदी प्रत.
२) आमंत्रण पत्रिका, आपल्या नावाची. कर्मचाऱ्यांसाठी वेगळ्या सहा.
३) आपल्या कार्यालयाने पाठवलेली ताबा पावती. तिच्यातही 'वस्तूची सद्यःस्थिती' हा रकाना आहे आणि तेच तीन पर्याय आहेत. तिन्ही खोडून बाजूला 'घरच्या' असे लिहिले आहे. अक्षर माझे आहे, खाडाखोडीवर सही सौ. पद्मिनी हिची आहे.