पोटाशी ओढलेली मूठ

रविवार, संध्याकाळ. अहिल्यानगर.

वैशाली अजून शुद्धीवर नाही. आयसीयूच्या काचेतून पाहिलं, तर उजवी मूठ पोटाशी ओढलेली. सकाळी धावपट्टीकडे वळताना तिच्या ग्लायडरचा वेग कमी पडला, एक पंख खाली गेला आणि ते गिरक्या घेत, स्पिनमध्ये, कोसळलं. ग्लायडरचं नाक वर-खाली करणारी दांडी, म्हणजे स्टिक, तिने शेवटपर्यंत पोटाशीच ओढली असणार. जमीन गरगरत अंगावर आली की कुणीही तेच करतं, आणि त्यानेच गिरकी सुटत नाही. स्टिक पुढे सारायची असते. हे डोक्याला सांगून भागत नाही, हाताला वर हवेत पुन्हा पुन्हा शिकवावं लागतं.

मी कुठे शिकवलं? जमिनीवरून दोराने ओढणाऱ्या विंचने त्या सरावाएवढी उंची मिळत नाही, आणि ओढून नेणारं विमान कित्येक महिने बंद. म्हणून फळ्यावर आकृती काढली, तळहात फिरवून दाखवला, आणि तिच्या लॉगबुकात 'स्पिनचा सराव पूर्ण' लिहून सही ठोकली. सराव होईपर्यंत एकटीने उडण्यापासून थांबवलं असतं तिला, तर काय बिघडलं असतं माझं? दुपारी चौकशीला आलेल्यांना मी तेच पान उघडून दाखवलं.

मग शेवगावहून तिचे वडील आले. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "सर, लोक म्हणत्यात पोरीचंच चुकलं. मला न्हाई पटत. तुमी जसं शिकवलं, तसंच केलं आसंल तिनं."

ती मूठ. पोटाशी.

मी "हो" म्हणालो. दिवसभरात तेवढंच खरं बोललो.