फोटोतला पंख

मुरबाड, ५ जानेवारी

ती. तारा आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू ओरडून ठेवून देतेस, म्हणून पत्र. पोस्टातून निवृत्त झालेल्या बाईला तेच शोभेल! कमळाकर आजोबांच्या उड्डाणाची आठवण म्हणून आम्ही त्यांचं बांबूचं ग्लायडर पुन्हा बांधलंय, उड्डाणाआधी त्याची पूजा केली तेव्हाच्या फोटोवरून, अगदी हुबेहूब. सव्वीस जानेवारीला माझी रुचिता त्यातून शेणव्याच्या टेकडीवरून उडेल. मोठे पाहुणे येणार आहेत. तूही ये. आधी आशीर्वाद, मग शिव्या.

तुझ्या मायेचा भुकेला,
सुयोग

शहापूर, ९ जानेवारी

चि. सुयोग यास आशीर्वाद, पण आज हात आखडूनच.

शिव्या आधी घे. फोटोतलं ग्लायडर टेकडीवरून सुटलं ते नाक खाली घालून भातखाचरात आपटलं. अण्णांचा, म्हणजे तुझ्या आजोबांचा, खुबा मोडला. त्यावर तेल मी चोळलंय. ते बैलगाडीतून पडून लंगडतात, ही गोष्ट तुझ्या बापाने पाहुण्यांसाठी रचली. अण्णांनी वर्षभर डोकं खपवून दुसरं बांधलं, त्याला मागे शेपूट लावली. ते उडालं. मला ते अंगणात काडीने आखून दाखवायचे. त्याचा फोटो नाही, कारण पहिल्याला फोटोचीच दृष्ट लागली असं आईने धरलं होतं. कॅमेरेवाल्याला तिने उंबऱ्याशीच अडवलं.

म्हणजे जे पडलं तेच तू हुबेहूब बांधलंस, आणि त्यात पोटची पोर बसवतोस! माझ्या बापाची हुशारी त्या शेपटीत होती. तुम्ही हार घालताय त्याच्या चुकीला. शेपूट लाव, नाहीतर कार्यक्रम मोड. रुचितालाही वेगळं लिहिलंय.

लोभ आहे म्हणूनच ओरडते,
तारा आत्या

मुरबाड, १४ जानेवारी

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

आज संक्रांत, एक दिवस तरी गोड बोल. पत्रिका छापून वाटल्या, त्यांवर तोच फोटो आहे. आता शेपूट लावली तर लोक म्हणतील हे आजोबांचं नव्हेच. बांबूकाम करणारा भगीरथही म्हणाला, फोटोत नाय ती शेपूट आमी आणायची कुठून? टेकडी बुटकी आहे. तू उगाच जीवाला घोर लावून घेतेस.

रागावलीस तरी तुझाच,
सुयोग

मुरबाड, १८ जानेवारी

ती. तारा आजीस,
रुचिताचा नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी भगीरथदादाला टेकडीवर नेलं. माझ्या जागी भाताचं पोतं बांधलं आणि ग्लायडर सोडलं. सरळ नाकावर! बांबू मोडले, पोतं फुटलं, खाचरभर भात. बाबा भातासाठी ओरडत आले. मी विचारलं, पोत्याच्या जागी मी असते तर? खाली बसले, डोळे पुसले. संध्याकाळी मात्र पुन्हा सुरू, की पाहुण्यांना आता काय तोंड दाखवू.

सव्वीसला कोणी उडणार नाही. आम्ही दुसरं बांधायला घेतलंय. भगीरथदादा म्हणतो, आजीला बोलव, शेपूट कुठं बांधायची ती तिलाच ठाव. म्हणून ये. आणि राग घरी ठेवून येऊ नकोस, बाबांना अजून बराच लागणार आहे.

तुझी वाट बघणारी,
रुचिता