मामंजींनी त्याला सोडलं होतं

गामेलिओन महिना, दशमी

मामंजी गेले. शेजारच्या स्मिक्रोसशी अंजिराच्या फांदीवरून बाचाबाची, एक धक्का, आणि डोकं विहिरीच्या कठड्यावर. त्यानंतर काही दिवस काढले, तेही हालातच.

शेवटी जवळ मी एकटीच होते. पाणी पाजत होते. स्पष्ट म्हणाले, "स्मिक्रोसला सोडला मी. देमेआसला सांग, खटला नको." मरणाऱ्याने मारणाऱ्याला स्वतःच माफ करून सोडलं की नातेवाइकांना खटला भरता येत नाही. अथेन्समधल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं! नवऱ्याला लगेच सांगितलं. त्याने आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"तापात बरळले असतील," सासूबाई म्हणाल्या.

गामेलिओन, द्वादशी

अंत्ययात्रेपुढे भाला मिरवला, खुनाचा बदला घेणार याची खूण म्हणून. थडग्यावर रोवला. देमेआसने स्मिक्रोसच्या नावाने पुकारा केला — देवळात पाय ठेवू नकोस, बाजारात तोंड दाखवू नकोस! आवाज काय चढला होता! एरवी उंदीर दिसला तरी मला हाका मारतो.

सासूबाई आल्यागेल्याला सांगतात, "त्याच्या आज्यानेच आमच्या चुलतसासऱ्यांना बुडवून मारलं. रक्तच तसलं!" ते चुलतसासरे दारू पिऊन होडीतून पडले होते. मामंजीच हसत हसत सांगायचे.

एलाफेबोलिओन, एकादशी

उत्सवातलं नाटक पाहिलं. आजोबांनी केलेला खून, तो फेडता फेडता अख्खं घराणं संपतं. देमेआस ढसाढसा रडला. भाजलेले हरभरे खात खात!

"काय गं ही माणसं! एकाने तरी थांबायचं ना!"

शेजारी सासूबाई डोळे पुसत होत्या. शिसारी आली मला दोघांची.

एलाफेबोलिओन, अमावास्येच्या आदल्या दिवशी

आज फिर्यादीची शपथ. डुक्कर, मेंढा, बैल कापून तुकडे मांडतात. त्यांच्यावर उभं राहून म्हणायचं — खोटं बोललो तर माझा, माझ्या घराचा, माझ्या वंशाचा नाश होवो.

म्हणूनच काल त्याला सांगून टाकलं, मला दिवस गेलेत. मटकन बसला. वाटलं, आता तरी!

सासूबाई आल्या. "अरे, तू स्वतः काही ऐकलंस का? नाही ना? मग तुझी शपथ खोटी कशी होईल?" त्याचा चेहरा लगेच खुलला. रात्री व्यवस्थित जेवला.

आज घरी आला तो पायाला रक्तामांसाचा चिखल घेऊन. "पाय धू." धुतले. अजून हाताला वास येतोय.

मुनिखिओन, पंचमी

मामंजींनी सोडल्याचं पाणवठ्यावर स्मिक्रोसच्या बायकोला मीच सांगितलं. राहवलं नाही. आज स्मिक्रोसने चारचौघांत आव्हान दिलं — म्हाताऱ्याजवळ शेवटी सून होती ना? तिने देवळात पोटातल्या बाळाची शपथ घेऊन सांगावं. सोडलं म्हणाली तर खटला संपला. नाही म्हणाली तर मी आपणहून देश सोडून जाईन.

बाईला न्यायालयात उभं करत नाहीत, पण देवळातली शपथ चालते. देमेआसला लोकांसमोर हो म्हणावंच लागलं. कसा पांढराफटक पडला होता! कितीतरी दिवसांनी आज पोटभर जेवले.

मुनिखिओन, सप्तमी

देमेआस ओरडला नाही. जैतुनाच्या बिया थुंकत बसला होता.

"मूल जन्मलं की पाचव्या दिवशी काय करतात, माहीत आहे ना?"

"बाप उचलून चुलीभोवती फिरवतो."

"आणि नाही उचललं तर?"

मी चुलीकडे पाहिलं.

"तर मडक्यात घालून रस्त्याच्या कडेला ठेवतात. कुत्र्यांनी नेलं तर नेलं. कायद्याने बापाचाच हक्क. परवा देवळात काय बोलायचं ते नीट ठरव हं."

आणि दुसरं जैतून तोंडात टाकलं.

मी अंगणात जाऊन ओकले. सासूबाईंनी पाठ चोळली. "पहिलटकरणीला होतं असं," म्हणाल्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

या घरातल्या भांड्यातलं पाणीही नकोसं झालंय.

मुनिखिओन, नवमी

शपथ घेतली. पोटावर हात ठेवून. मामंजी एक शब्दही बोलले नाहीत, असं सांगितलं. देवळाबाहेर उभ्या स्मिक्रोसने ऐकलं. संध्याकाळच्या जहाजाने जातोय.

बाळा, तुझा बाप तुला उचलेल.