हॅलोरन की ब्रिस्को

११ सप्टेंबर १९९४, रविवार

हरलो! या मोसमातला फुटबॉलचा पहिलाच सामना, तोही घरच्या मैदानावर. आपला क्वार्टरबॅक हॅलोरन तीनदा आडवा झाला. तिसऱ्यांदा उठताना त्याने गुडघ्याला हात लावला, आणि इकडे टेडने खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःच्या गुडघ्याला.

सहाला आमच्या जेरोमचा फोन, फिनिक्सहून. तिकडे एका बारमध्ये डिशवर आपल्या टीमचे सामने दाखवतात. सामना संपला की दर रविवारी फोन येतोच. मी स्वयंपाकघरात भिंतीपाशी, रिसीव्हर कानाला. टेड बाहेरच्या खोलीत. बाप-लेक एकमेकांशी बोलत नाहीत. जेरोमने घटस्फोटानंतर कॅरलशी दुसरं लग्न केलं, चर्चबाहेर. टेड त्या लग्नाला गेला नाही. मी एकटी गेले, एकटी परत आले. सहा वर्षं झाली. आता जे काय बोलतात ते माझ्या तोंडून, आणि एकाच गोष्टीवर - टीमचा चेंडू फेकणारा म्होरक्या, क्वार्टरबॅक, कोण असावा.

"बाबांना सांग, आता त्या ब्रिस्को पोराला उतरवा म्हणावं. हॅलोरनला पेन्शन द्या!"

मी मान वळवून सांगितलं.

"त्याला सांग, धडधाकट माणसांना पेन्शन देऊन घरी कसं बसवतात ते मी कारखान्यात बघितलंय. मला नको शिकवू."

"आई, काय म्हणाले?"

"नको म्हणाले."

२० सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टरांकडे. पोलाद कारखान्यातल्या कोक भट्टीवरची सगळी वर्षं टेडच्या छातीत बसली आहेत. फोटोत दोन्ही फुप्फुसं धुक्यासारखी. "ख्रिसमसपर्यंत..." डॉक्टर म्हणाले आणि पुढचं वाक्य गिळलं.

गाडीत टेड म्हणाला, "जेरोमला कळवायचं नाही."

"टेड!"

"दया घेऊन दारात उभा राहणारा मुलगा नकोय मला. भांडायला येत असेल तर येऊ दे."

आरशाला टांगलेली जपमाळ माझ्या हातात दिली आणि शपथ घ्यायला लावली. मी घेतली. माझ्या सिस्टर बोनाव्हेंचरच्या शाळेत शपथ ही मोडायची वस्तू नव्हती.

२ ऑक्टोबर, रविवार

आज मजा आली. हॅलोरनने शेवटच्या मिनिटाला जिंकून दिलं! टेड ऑक्सिजनची नळी नाकातून काढून ओरडला - "सांग त्याला! आत्ता सांग! फोनची वाट बघू नकोस, तूच लाव!" मी लावला. जेरोम म्हणाला, "नशीब!" टेड म्हणाला, "नशीब छत्तीस वर्षांच्या माणसाला फुकट मिळत नाही." दोघांच्या मध्ये मी अशी पळत होते, जशी शाळेच्या अंगणात दोन मैत्रिणींच्या चिठ्ठ्या पोचवायची.

दोघांनाही ठाऊक आहे की फोनची तार खुर्चीपर्यंत पोचते. कोणी मागत नाही.

९ ऑक्टोबर, रविवार

अर्ध्या सामन्यात टेडने टीव्ही बंद केला. "राहू दे. दमलो." खिडकीकडे तोंड करून पडला. असं कधी झालं नव्हतं. माझ्या बाळंतपणात दवाखान्याच्या व्हरांड्यात रेडिओ घेऊन बसलेला माणूस हा!

सहाला फोन.

"बाबा काय म्हणतात? त्यांच्या लाडक्याने दोनदा चेंडू समोरच्यांच्या हातात दिला."

मी दारातून विचारलं, "टेड, काय सांगू?"

"काही नको."

इकडे जेरोम थांबलेला. मला त्या क्षणी एवढंच दिसलं की 'काही नको' असं सांगितलं तर पुढच्या रविवारी हा फोन कशावरून करील? आमच्यात दुसरा विषयच उरलेला नाही.

"म्हणाले... म्हणाले, त्याच्या पुढे उभी राहणारी पोरं त्याला वाचवत नाहीत, त्यात त्याचा काय दोष?"

मागच्याच महिन्यातलं शिळं वाक्य. जेरोमने ओळखलं नाही.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

चर्चच्या तळघरात पिएरोगी करायला गेले. शनिवारच्या विक्रीसाठी दर गुरुवारी आम्ही बायका बसतो - कोणी पारी लाटतं, कोणी बटाटा आणि चीज भरतं, कोणी कडा दाबतं. आणि तोंडं चालूच.

फ्लॉसी म्हणाली, "हॅलोरन सभ्य आहे. एवढा मार खातो, पण पंचाकडे बघून कधी हात उंचावत नाही."

डोलोरेस म्हणाली, "तुला क्वार्टरबॅक हवाय की जावई?"

"तुझा ब्रिस्को आधी फेकतो आणि मग बघतो चेंडू कुठे गेला!"

"पण जातो तर लांब! तुझा हॅलोरन जेवढा फेकतो ना, तेवढा मी इथून फ्रीजपर्यंत फेकते." आणि खरंच पिठाचा गोळा फेकला बाईने. फ्रीज राहिला बाजूला, सेंट अँथनीच्या पुतळ्याच्या पोटावर बसला!

हसणं थांबल्यावर मी विचारलं, "हॅलोरनच्या बाजूने सगळ्यात चांगला मुद्दा कोणता गं?"

सगळ्यांचे हात थांबले. मी आजवर या विषयात कधी तोंड घातलं नव्हतं.

फ्लॉसीने विचार केला. "अंगावर माणसं आली की तो चेंडू सरळ बाहेर टाकून देतो. पोरगं टाकत नाही. धरून ठेवतं, मार खातं, चेंडूही घालवतं. सोडायचं कधी, ते वयानेच कळतं."

येताना ते वाक्य बसमध्ये दोनदा पुटपुटले.

१६ ऑक्टोबर, रविवार

टेड सामनाभर झोपून. मी आवाज बारीक करून एकटीने पाहिला, पेन्सिल हातात घेऊन.

फ्लॉसीचा मुद्दा सांगितला. जेरोम मोठ्याने हसला. "सोडायचं कधी हे वयाने कळतं? हे बाबा म्हणाले? आमचे बाबा?"

"हो मग!"

"आई, ते अगदी पेटलेत या वर्षी!"

हसताना त्याचा आवाज अजून तसाच फुटतो, आठवीतल्यासारखा. रिसीव्हर ठेवून मी टेडला सूप भरवलं. चार चमचे.

२२ ऑक्टोबर, शनिवार

चर्चमध्ये पापांची कबुली. फादर म्रोझना म्हटलं, "फादर, मी खोटं बोलते. नवऱ्याच्या नावाने मुलाशी. क्वार्टरबॅकविषयी."

जाळीपलीकडून - "कोणाच्या बाजूने?"

"हॅलोरनच्या, फादर."

"मग त्याला खोटं कशाला म्हणायचं, बाई. चुकीचा अंदाज म्हणू." पण लगेच आवाज मऊ झाला. "टेड कसा आहे?"

"प्रायश्चित्त सांगा, फादर," मी म्हटलं. त्यांनी तीन नमो मरिया प्रार्थना सांगितल्या. मी किती म्हटल्या कोण जाणे, मेणबत्ती विझेपर्यंत बसले होते.

३० ऑक्टोबर, रविवार

मला आता हे चांगलं जमायला लागलंय, हीच भीती. पेपरातलं क्रीडेचं पान आधी वाचते. खाटकाच्या दुकानात मुद्दाम शेवटी उभी राहते, म्हणजे रांगेतलं सगळं ऐकू येतं. सिस्टर बोनाव्हेंचर म्हणायच्या, दुसऱ्याची बाजू मांडायची तर घटकाभर ती आपली मानायची. आज मी एवढी मानली की जेरोमला दटावलंच - "ज्याने पडत्या काळात टीम सांभाळली त्याला एका वाईट महिन्यात हाकलायचं? हीच का शिकवण?"

"बरं बरं," जेरोम म्हणाला, "बाबांना सांग, ईस्टरला येतो मी. कॅरललाही आणतो. एवढे जोरात आहेत तर समोरासमोर होऊन जाऊ दे!"

ईस्टर. म्हणजे एप्रिल.

मी फोन ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसले. काय करून बसले मी! तो फोन करत राहावा म्हणून मी बापाला एवढा ठणठणीत करून ठेवला की मुलाला यायची घाईच उरली नाही.

६ नोव्हेंबर, रविवार

जेरोम लहान असताना रात्री कारखान्यातली वितळलेल्या लोखंडाची मळी सरोवराकाठी ओतायचे आणि सगळं आकाश नारिंगी व्हायचं. तो म्हणायचा, आपल्या गावात सूर्य दोनदा मावळतो, दुसऱ्यांदा बाबा मावळवतात. आज टेडला त्याची आठवण करून दिली. हसला. डोळे मिटूनच.

१३ नोव्हेंबर, रविवार

ब्रिस्को उतरला! हॅलोरन लंगडत बाहेर गेला आणि स्वतःच्या माणसांनीच त्याची हुर्यो उडवली. मला रडू आलं - एवढं मोठं मैदान, आणि एका दमलेल्या माणसाला ओरडून घरी पाठवतात. ब्रिस्कोने काय फेक केली! जिंकलो.

जेरोम आनंदाने वेडा झाला होता. "आता? आता काय म्हणतात?"

टेडचा श्वास इथपर्यंत ऐकू येत होता. मी रिसीव्हरवर हात धरला, तो जेरोमला ऐकू जाऊ नये म्हणून.

"म्हणाले, एका सामन्याने कोणी क्वार्टरबॅक होत नाही."

"वाटलंच मला! म्हातारा हटायचा नाही."

२४ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. सगळ्यात लहान टर्की आणली, तरी मोठीच. टेडने कुस्करलेला बटाटा दोन चमचे घेतला, तोही माझ्यासाठी. नर्स मला दाराबाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, "कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा."

मी टेडच्या उशाशी बसले. "मला शपथेतून सोडव."

मान हलवली. नाही.

"तो तुझा मुलगा आहे."

"म्हणूनच." थांबला, श्वास गोळा केला. "आजारी म्हणून... नको बोलावूस."

चिडून मी स्वयंपाकघरात आले आणि अख्खी टर्की सोलून काढली. असा हट्टी माणूस! चाळीस वर्षं झाली, अजून मला वाटतं की आज तरी ऐकेल.

२७ नोव्हेंबर, रविवार

सामना बघितलाच नाही. कोण खेळलं, कोण जिंकलं, ठाऊक नाही. सहा वाजेपर्यंत टेडचा हात धरून बसले.

"आई! काय म्हणतात बाबा? हॅलोरनला परत घ्या म्हणत असतील!"

आजार हा शब्द मी उच्चारणार नव्हते. शपथ होती. पण क्वार्टरबॅकची शपथ कोणी घातली नव्हती.

"बाबा म्हणाले," मी म्हटलं, "ब्रिस्कोला खेळवा."

तिकडे बारमधला गोंगाट. लोक हसत होते, ग्लास वाजत होते. जेरोम काहीच बोलेना.

"काय म्हणाले?"

"ब्रिस्कोला खेळवा. जेरोमचं बरोबर आहे म्हणाले."

"आई." आवाज अगदी बारीक झाला होता. "बाबांना काय झालंय?"

मी फोनची तार बोटाला गुंडाळत राहिले.

"आई, हे ते म्हणाले की तू? मला फोनवर दे त्यांना."

"झोपलेत."

"गेले दोन महिने मागून त्यांचा आवाजही आला नाही!" मग दाराचा आवाज, गोंगाट बंद. रस्त्यावर आला असावा. "येतो मी," म्हणाला. "धरून ठेव त्यांना. येतो."

२८ नोव्हेंबर, सोमवार

सुट्टीहून परतणाऱ्यांची गर्दी, आज एकाही विमानात जागा नाही. उद्या सकाळचं मिळालंय, शिकागोवरून.

टेडला सांगितलं, जेरोम येतोय. डोळे उघडले. "सांगितलंस?"

"नाही सांगितलं. फक्त म्हटलं, तू ब्रिस्कोच्या बाजूने झालास."

मला वाटलं, आता भडकणार. माझ्याकडे बघत राहिला. "मग... काय म्हणाला?"

"गप्प झाला."

"हं." बऱ्याच वेळाने - "दाढी कर माझी."

केली. गाल इतके आत गेलेत की पातं कुठे टेकवायचं कळेना.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

सरोवरावरून बर्फाचं वादळ. सकाळपासून समोरचं घर दिसत नाही. आपला विमानतळ बंद! जेरोम शिकागोत अडकला. तिथून दर तासाला फोन. "बसने निघू का? गाडी भाड्याने घेऊ?" महामार्गही बंद, मी म्हटलं. रडत होता. मोठा माणूस, विमानतळावर, सगळ्यांसमोर.

चारच्या फोनला मी तार ओढली. खुर्चीपर्यंत पोचते, पलंगापर्यंत पोचायला टेबल हलवावं लागलं. रिसीव्हर टेडच्या कानाशी उशीवर ठेवला. त्याने बोटांनी मला खूण केली - बाहेर जा.

गेले. व्हरांड्यात कोटांच्या खुंट्यांपाशी उभी राहिले. जेरोमचा आवाज नुसता गुणगुणल्यासारखा, खूप वेळ. मग टेडचा. तुटक. शब्द कळले नाहीत. मला ऐकायचे नव्हतेही. सहा वर्षं प्रत्येक शब्द माझ्यातून गेला होता, हे तरी त्यांचे त्यांना असू देत.

३० नोव्हेंबर, बुधवार

उजाडताना टेड गेला. हात माझ्या हातात होता.

बर्फ थांबलं. जेरोम दुपारी पोचला. बूट न काढता आत गेला.

३ डिसेंबर, शनिवार

पुरून आलो. जमीन गोठलेली, खणायला त्रास झाला म्हणे. फ्लॉसी आणि डोलोरेसने पिएरोगी आणल्या, आणि आज दोघींनी एकमेकींशी एक शब्द वाद घातला नाही. घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

४ डिसेंबर, रविवार

ब्रिस्को खेळला. जेरोम जमिनीवर बसून बघत होता, खुर्ची रिकामी ठेवून. मी विचारलं, "मंगळवारी बाबा काय म्हणाले रे?"

टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला, "म्हणाले, हॅलोरन गेल्या वर्षीच संपला होता, मलाही दिसत होतं. पण मी हो म्हणालो असतो, तर पुढच्या रविवारी तू फोन कशाला केला असतास?"